मामा तलावात पाणी आहे, मग मासोळी कुठे गेली?

उन्हाळा लागला की पूर्व विदर्भात जागोजागी तलावांच्या तळात जेसीबी उतरतात. २०१७ साली राज्य सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्राची 'अमृत सरोवर' मोहीम सुरू झाली. दर जिल्ह्यात किमान एक एकराचे ७५ जलसाठे नवे करायचे किंवा सुधारायचे, असं तिचं उद्दिष्ट. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो छापून येतात. आधी उथळ, गवताळ, वेडावाकडा तलाव. नंतर खोल, चारी बाजूंनी तासलेला, स्वच्छ.

पाऊस येतो, तलाव काठोकाठ भरतो. आणि मग तलावाकाठच्या ढीवरवस्तीतून, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतून, तक्रार येते की जाळ्यात काही लागत नाही. पाणी वाढलं तर मासा वाढायला हवा, असंच कुणालाही वाटेल. तसं का होत नाही, हे समजायला आधी हे तलाव काय आहेत ते पाहू.

'मामा' कोण?

'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून असे साडेसहा-सात हजार तलाव आहेत. यातले बरेच गोंड राजवटीच्या काळातले. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या राज्यात तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याची पद्धत होती. अशा देणगीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरात आजही त्या नावाची वस्ती आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरायची, तिथे मातीची पाळ घालायची आणि वरच्या जंगलातून येणारं पाणी अडवायचं, ही त्यांची विद्या. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा पाळीनं जोडून तो झाला, आणि आजूबाजूच्या डोंगरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात.

इंग्रजांच्या काळात गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराकडे गावाबरोबर तलावाचीही मालकी आली. १९५० च्या मध्य प्रदेशातल्या कायद्यानं (हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता) ही मालकी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजार माजी झाले, तलाव 'मामा' झाले.

कोहळ्यांनी तलाव बांधले आणि ढिवरांनी ते राखले, असं म्हणायला हरकत नाही. मासेमारी, डोंगा चालवणं, शिंगाडा लावणं, जाळी विणणं ही ढिवरांची कामं. सरकारदरबारी हा समाज भोई समूहाबरोबर भटक्या जमाती 'ब' यादीत येतो. पण पाण्याकाठची त्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी आहे.

ताट आणि बादली

जुना मामा तलाव ताटासारखा असतो. पाळीजवळ सर्वांत खोल, आणि जंगलाच्या किंवा शेतांच्या बाजूला हळूहळू उथळ होत गेलेला. खोदून नव्हे, तर अडवून तयार झाल्यामुळे त्याला हा आकार आला. जेसीबी मात्र ताटाची बादली करतो: उभे काठ, सपाट तळ.

फरक आकड्यांत बघा. समजा उथळ बाजूचा काठ ५०० मीटर लांब आहे आणि ५० मीटर आत गेल्यावर पाणी १ मीटर खोल होतं. गढूळपणा फार नसेल तर ऊन साधारण दीड मीटरपर्यंत तळाला पोचतं असं धरू. म्हणजे ऊन लागणारा पट्टा ७५ मीटर रुंद, क्षेत्र ३.७५ हेक्टर, सव्वानऊ एकर. आता तोच काठ तासून असा उभा केला की २ मीटर आत गेलं की १ मीटर खोली मिळते. पट्टा उरला ३ मीटरचा, क्षेत्र १,५०० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम १५ गुंठे. तलाव तेवढाच, पाणी उलट जास्त. पण सव्वानऊ एकरांची मासोळीची शेती १५ गुंठ्यांवर आली.

त्या सव्वानऊ एकरांत काय चालतं?

ऊन तळाला पोचतं तिथे पाणवनस्पती उगवतात. काही पूर्ण बुडालेल्या, उदाहरणार्थ हायड्रिला. काहींची पानं पाण्यावर तरंगतात, कमळासारखी. काही काठाच्या चिखलात उभ्या राहतात. देवधान म्हणतात तो रानटी धान त्यातलाच. या वनस्पतींच्या देठांवर शेवाळ धरतं, शेवाळावर किडे आणि गोगलगाई जगतात, त्यांच्यावर लहान मासे, आणि लहान माशांवर मरळीसारखे मोठे. ज्या गावराणी माशांची अंडी चिकट असतात, त्यांना ती चिकटवायला देठ-पानं लागतात. पिल्लांना लपायला दाटी लागते.

मरळीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात नर-मादी वनस्पतींच्या दाटीत थोडी जागा मोकळी करतात. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आई-बाप त्यांची राखण करतात. पिल्लं निघाली की लालसर घोळका एकत्र फिरतो, खाली पालक. त्या वेळी पालक मारला तर अख्खा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो. म्हणून जाणते ढीवर घोळक्याखालच्या मरळीला हात लावत नाहीत. वनस्पतींची दाटीच नसेल तर ही सगळी गोष्ट सुरूच होत नाही.

पहिल्या पावसात आणखी एक घडतं. तलावात येणाऱ्या नाल्यांतून आणि भरलेल्या बांध्यांतून (धानाच्या शेतांतून) मासे वर चढतात, उथळ पाण्यात अंडी घालतात. हेच चढणीचे मासे. काठ उभा केला, नाल्याच्या तोंडाशी मातीचे ढीग टाकले, की वाट बंद. काम करणाऱ्या ठेकेदाराला तो ढीग म्हणजे फक्त उरलेली माती वाटते, आणि त्याला दुसरं काही सांगितलेलंही नसतं.

पण मासे तर सोडले जातात ना?

हो. रोहू, कतला आणि मृगळ हे तीन मोठे मासे तलावात दरवर्षी सोडावे लागतात, कारण साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पुराची वाहती नदी लागते. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची अंडी मिळवण्याचं तंत्र यशस्वी केलं, आणि तेव्हापासून तलावांत सोडायचं बीज तयार करणं शक्य झालं. तीन मासे एकत्र सोडण्यामागे हिशेब आहे: कतला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एका घरात तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडं राहावीत तसं.

बीजाचे तीन टप्पे असतात. अंड्यातून निघालेलं, तीनेक दिवसांचं ते जिरे. ६ ते ८ मिलिमीटर. दोन-तीन आठवड्यांत सुमारे इंचभर झालं की मत्स्यबीज. दोन-तीन महिन्यांत बोटाएवढं, ८ ते १० सेंटिमीटरचं झालं की बोटुकली.

मोठी चूक इथे होते. इंचभर बीज स्वस्त पडतं, म्हणून तेच तलावात ओततात. एक ढोबळ हिशेब करू. १०,००० बोटुकल्या सोडल्या, त्यातल्या शंभरात ३० जगल्या आणि प्रत्येक अर्धा किलोची झाली, तर १,५०० किलो मासा निघतो. तेवढंच इंचभर बीज सोडलं आणि शंभरात ५ जगलं, तर २५० किलो. टक्के तलावागणिक बदलतील, दिशा बदलणार नाही: इतकं लहान बीज मरळ, शिंगी, मांगूर यांचा घास होतं. तलाव ठेक्यानं घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेनं एखाद्या बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) बीज वाढवून मग मोठ्या तलावात सोडलं तर पैसा वाचतो. बीजाची पिशवी तलावात थेट उलटी करू नये. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यावं आणि बीज आपणहून बाहेर पोहू द्यावं. पाण्याच्या तापमानातला फरक एकदम अंगावर आला की बीज दगावतं, आणि तळाशी गेलेलं मेलेलं बीज वरून दिसत नाही.

मग सोडलेल्या माशांवर भागत नाही का?

सोडलेला मासा वर्षातून काही वेळा ओढजाळ्यानं निघतो. पैसा एकदम येतो आणि त्यातून ठेक्याची रक्कम, बीजाचा खर्च जातो. गावराणी मासे मात्र रोजचे. फेकजाळं, गळ किंवा बांबूचा सापळा घेऊन एकटा माणूस दोन तासांत घरापुरते आणि थोडे विकण्यापुरते मासे आणतो; आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईची कमाई त्यावरच चालते. अनेक संस्थांत रीतच अशी असते की सोडलेला मासा संस्थेचा आणि गावराणी मासा ज्याच्या जाळ्यात लागला त्याचा. म्हणून गावराणी मासे संपले की संस्थेच्या वहीत फारसा फरक दिसत नाही, चुलीपाशी दिसतो. सरकारी उत्पादनाच्या आकड्यांतून ही घट सुटून जाते, आणि ती सुटते म्हणूनच तिच्यावर कुणी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट. मरळ, मांगूर, शिंगी हे हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे. उन्हाळ्यात पाणी आटून प्राणवायू घटला की रोहू-कतला पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि पाण्यातला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मरू लागतात. मरळ तशा पाण्यातही तग धरते. कमी पावसाच्या वर्षी गावाला तीच तारते.

तलावाची कमाई मासोळीवरच थांबत नाही. पावसाळ्यात लावलेला शिंगाडा दिवाळीच्या आगेमागे निघतो. कमळाचे देठ आणि कंद खाल्ले जातात. पाणी ओसरताना उघडी पडणारी गाळपेर जमीन कसली जाते. हे सगळं त्या उथळ पट्ट्यातलंच.

बेशरम, गवत्या आणि सायप्रिनस

उथळ पट्टा फक्त जेसीबीनंच जातो असं नाही. तीन पाहुण्यांनीही तो खाल्ला आहे.

पहिला बेशरम. उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आलेलं हे जांभळट फुलांचं झुडूप काठच्या पाण्यात दाट माजतं. त्याच्या सावलीत पाण्याखालची वनस्पती जगत नाही, जाळं टाकलं तर फाटतं, जनावरं खात नाहीत. तोडलेला तुकडा चिखलात पडला तरी मुळं धरतो. नाव उगाच पडलेलं नाही.

दुसरा गवत्या, म्हणजे ग्रासकार्प. पाणवनस्पती हेच त्याचं अन्न. भर उन्हाळ्यात तो दिवसाला स्वतःच्या वजनाच्या आसपास हिरवं खाऊ शकतो. झपाट्यानं वाढतो म्हणून सोडला जातो, पण तलावाच्या नर्सरीत बैल सोडावा तसा तो प्रकार आहे.

तिसरा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. हा तळ उकरत खातो. मुळं उपटतात, पाणी गढूळ होतं, ऊन खाली पोचत नाही आणि उगवणंच थांबतं.

मग गाळ काढूच नये का?

काढावा. गाळानं तलाव खरोखर भरत आले आहेत. उथळ पाण्याचं बाष्पीभवन जास्त होतं हा मुद्दाही खरा आहे: एप्रिल-मे मध्ये दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी उडालं तर दोन महिन्यांत अर्धा मीटर जातं, आणि पसरट भागात अर्धा मीटर म्हणजे सगळंच. प्रश्न गाळ कुठून काढायचा, हा आहे.

गाळ पाळीच्या बाजूच्या खोल भागातून काढावा. तिथे आधीच ऊन पोचत नाही, खोली वाढली तर नुकसान नाही, आणि उन्हाळ्यात माशांना डोह मिळतो. मात्र पाळीच्या पायथ्याला लागून खोदू नये, पाळ खचते. किती अंतर सोडायचं ते पाळीची उंची पाहून अभियंत्याकडून आखून घ्यावं. काळा गाळ संपून चिकणमाती किंवा मुरूम लागला की थांबावं. पाणी धरून ठेवणारा थर तोच. तो फुटला तर खोल केलेला तलाव डिसेंबरातच कोरडा पडतो आणि दोष पावसाला दिला जातो. वरच्या बाजूच्या उथळ पट्ट्याला आणि नाल्यांच्या तोंडांना हात लावू नये. हे सगळं मशीन येण्याआधी चुन्याच्या रेषा मारून जागेवर दाखवावं. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशीच्या चालकापर्यंत पोचत नाही.

गेलेल्या वनस्पती परत आणता येतात?

येतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही तलावांवर ढीवर संस्थांनी आणि महिलांच्या गटांनी ते केलं आहे. पद्धत साधी, मेहनत भरपूर.

एप्रिल-मे मध्ये, पाणी खाली गेलं की बेशरम मुळासकट उपटायचा. कापायचा नाही. उपटलेला काठावर नव्हे, दूर उंचावर नेऊन पूर्ण वाळवायचा आणि जाळायचा. पुढची दोन-तीन वर्षं फुटवे काढत राहायचे, नाहीतर पहिल्या वर्षाची मजुरी वाया जाते. मग उघडा पडलेला तळ नांगरून मोकळा करायचा, कारण जनावरांच्या पायांनी कडक झालेल्या मातीत मूळ शिरत नाही. पाऊस सुरू होऊन तळ ओला झाला आणि थोडं पाणी साठलं की शेजारच्या चांगल्या तलावातून पाच-सहा जातींच्या वनस्पती मुळांसकट आणून धान रोवतो तशा रोवायच्या. रोवणीत हात बसलेल्या बायकांना हे काम शिकवावं लागत नाही. आणलेली रोपं त्याच दिवशी लावायची आणि तोवर ओल्या पोत्यात ठेवायची. प्रत्येक जात तिच्या खोलीला: बुडणाऱ्या आत, उभ्या राहणाऱ्या काठाला. पहिल्या वर्षी त्या तुकड्यांना बांबू आणि जाळीचं कुंपण, म्हशी आणि मासे दोघांपासून. आणि त्या तलावात गवत्या-सायप्रिनस सोडायचा नाही. एवढं शेवटचं पाळलं नाही तर आधीचं सगळं व्यर्थ.

वनस्पतींनी तलाव बुजणार नाही का?

जलपर्णीनं बुजतो, बेशरमनं बुजतो. देशी वनस्पतींची मिश्र दाटी सहसा तसं करत नाही, कारण खोल पाण्यात ऊन नाही म्हणून त्या आत सरकत नाहीत, आणि उन्हाळ्यात काठ उघडा पडला की बऱ्याच वाळतात, पावसात पुन्हा येतात. एकच जात अतोनात वाढली तर बहुतेक वेळा वरच्या शेतांतून खत वाहून येत असतं. तिथे उपाय नाल्यावर करावा लागतो.

शेतकऱ्याचं पाणी, माशाचं पाणी

हे तलाव बांधले गेले धानासाठी. परतीचा पाऊस दगा देतो तेव्हा धान निसवताना एक पाणी मिळालं की पीक हाती येतं. त्यात ढिवरांची हरकत नाही. ताण येतो तो उन्हाळी धानासाठी तलाव तळापर्यंत उपसला जातो तेव्हा. मोटर बसवून शेवटचे दोन-तीन फूट काढले की पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारा मासाच उरत नाही. सिंचन संस्था आणि मच्छीमार संस्था यांनी दिवाळीनंतर एकत्र बसून किमान पातळी ठरवावी आणि सांडव्याच्या किंवा गेटच्या दगडावर रंगानं खूण करावी. फुटांवर भांडण होतं, खुणेवर होत नाही.

जास्त बोली लावणाऱ्याला तलाव दिला तर?

ढोबळमानानं १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. मासेमारीचा हक्क ठरावीक मुदतीच्या ठेक्यानं मिळतो, बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना. खुल्या लिलावात जास्त रक्कम येऊ शकते, हे खरं. पण वनस्पती धरायला दोन-तीन वर्षं लागतात. ज्याची मुदत संपत आली आहे तो मरळीचे घोळके राखेल कशासाठी? तो बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं लावून जे निघेल ते काढेल, आणि त्याच्या बाजूनं त्याचा हिशेब चुकीचाही नाही. म्हणून ठेका मच्छीमार संस्थेला मिळावा, दीर्घ मुदतीचा असावा, आणि करारात जाळ्याच्या आसाचा किमान आकार, पहिल्या पावसात चढणीच्या वाटांवर मासेमारीला बंदी आणि किमान पाणीपातळी ही कलमं असावीत.

वनजमिनीवरच्या तलावांसाठी आणखी एक वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे आणि जलसाठ्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क स्पष्ट नोंदला आहे. ढीवर अनुसूचित जमातीत नसले तरी 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करू शकतात. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. निस्तार पत्रकातली (गावाच्या जंगल-पाण्याच्या वापरहक्कांच्या सरकारी कागदातली) नोंद, जुने ठेक्याचे कागद, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब हे त्यासाठी जपून ठेवावेत. सामूहिक दाव्याच्या नमुना 'ब' मध्ये मासे आणि जलसाठे यांच्यासाठी वेगळी जागा आहे. दावा भरताना लाकूड, तेंदू, मोहाच्या नोंदीत ती रिकामी राहून जाऊ नये. तिथे तलावाचं नाव, गट क्रमांक आणि त्यातून गाव काय काय घेतं ते एकेक करून लिहावं: मासोळी, शिंगाडा, कमळकंद, देवधान, गाळपेर.